काल संध्याकाळपासून

– काल संध्याकाळपासून. किती वेळा सांगू, सिस्टर? काल संध्याकाळी पाच-सव्वापाचला पहिली उलटी झाली, मग रात्री दोन झाल्या, पहाटे एक, आणि मग जुलाब सुरू झाले. सकाळी त्या दुसऱ्या सिस्टर आल्या होत्या, त्यांनीही हेच लिहून नेलं. आता तुम्ही तोच कागद घेऊन आलात आणि तेच विचारताय – मी काय कोर्टात उभी आहे का? आत या ना. दारात उभं राहून मुलगी कशी दिसणार तुम्हाला. या, तो ट्रे तेवढा ओलांडून या, सकाळपासून तिथंच पडलाय. खाणं आणून ठेवतात, दारावर टकटक करतात आणि मी कडी काढेपर्यंत पळून जातात, जसं काही आम्ही आत वाघ पाळलाय. बरोबरच आहे म्हणा, दारावर लाल कागद चिकटवलाय ना तुमच्या लोकांनी. जाणारायेणारा भिंतीला घासून जातो पलीकडून. मघाशी एक बाई तर नाकाला रुमाल लावून, पोराचा हात धरून अशी ओढत घेऊन गेली – मी दाराच्या भोकातून बघत होते – की वाटलं दार उघडावं आणि मुद्दाम शिंकावं.

हळू बोलते. हे झोपलेत. ह्यांना आज सकाळी लागलं, आठ वाजल्यापासून पाच वेळा जाऊन आले, आता जरा डोळा लागलाय. मला? मला काही नाही. मला कधी काही होत नाही, मला व्हायला वेळ कुठे आहे. तुम्ही चिंगीला बघा. झोपलीय ती, दमलीय. सकाळी रडत होती, आता रडत पण नाही, शहाण्यासारखी पडलीय – काय? नाही, मघाशी डोळे उघडले होते तिनं. पाणी मागत होती. मग परत झोपली.

बसा ना. बसायला जागा नाही म्हणा, ही काय बोटीवरची खोली आहे? आडवं झालं की पाय कपाटाला आणि डोकं संडासाला. खिडकी म्हणून समुद्राचं चित्र लावलंय, बघा – चौकट, वर पडदा पण लावलाय, ओढायचा नि बघायचं चित्र. चिंगी पहिल्या दिवशी अर्धा तास तो पडदा ओढत होती, म्हणे आई, पाणी हलत का नाही. वर साहेबांच्या खोलीला सज्जा आहे, दोन खुर्च्या आहेत, तिथलं पाणी हलतं. तसं बोलायचं नाही, बक्षिसाची सहल आहे. ह्यांच्या कंपनीत पंप विकतात, त्यात ह्यांचा पहिला नंबर आला यंदा. म्हणून साहेबांनी स्वतःच्या घरच्यांबरोबर आम्हाला पण आणलं. साहेब, मॅडम आणि साहेबांच्या आई. आणि खाली आम्ही तिघं, चित्रातल्या समुद्राजवळ.

आणि आता म्हणतात, आजार कोणी आणला ते शोधतोय. काय शोधताय? तुमच्या त्या जेवणाच्या हॉलमध्ये जा ना. एक पळी, आणि तीनशे माणसं ती पळी हातात धरणार – कोण कुठून हात न धुता येतंय कोणाला ठाऊक – आणि आता आजार पसरल्यावर वाढायला माणसं उभी केली, हातमोजे घालून. आधी काय झालं होतं? आधी उभी केली असती तर? आणि ते जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं. दिवसातून तीनदा कप्तान भोंग्यावरून सांगतो, हात धुवा, हात धुवा. धुतो की. ती दाराशी सॅनिटायझरची बाटली आहे ना, ती दाबून दाबून माझ्या हाताची सालं निघाली, बघा. चिंगीच्या हाताला पण मीच चोळायचे, दर वेळी, खेळायच्या खोलीत सोडायच्या आधी, घेऊन आल्यावर – काय? त्यानं हा जंतू मरत नाही? मग काय नुसत्या साबणानंच? मग ती बाटली शोभेला ठेवलीय का? तीन दिवस मी तेच चोळतेय, आणि आज तुम्ही सांगताय. आधी लिहा ना कुठेतरी. त्या खिडकीच्या चित्राऐवजी ते लिहून लावा भिंतीवर.

हो, खेळायच्या खोलीत जात होती. सगळीच मुलं जातात. रंगीत चेंडूंचा हौद आहे ना, त्यात. सोमवारी संध्याकाळी एकदा, मंगळवारी दोनदा. बुधवारी तुम्ही ती खोली बंदच केली. मग मी म्हणते तेच तर, तिथूनच घेतलं तिनं. कोणीतरी आई असेल बिनडोक, पोर आजारी असताना सोडलं असेल त्या हौदात. असतात अशा. आपली हौस भागली पाहिजे, दुसऱ्याच्या लेकराचं काही का होईना.

आणि स्वच्छता म्हणाल तर, तीन दिवस ह्या खोलीत कोणी झाडू मारला नाही. तीन दिवस. चादर बदलली नाही, कचऱ्याचा डबा नेला नाही, लिहा ते. तुमची ती साफसफाईवाली बाई काय करते काय दिवसभर? – कुठली पाटी? हो, ती पाटी मीच लावली होती. झोपमोड करू नका, ती. पोर दुपारी झोपतं म्हणून लावली. आता तीन दिवस एकाच जागी लटकलेली पाटी बघून माणूस एकदा तरी विचारेल की नाही, की बाई, जिवंत आहात का? आणि चादर मी धुतली हातानं, त्या बेसिनमध्ये. सरबत सांडलं होतं. लाल सरबत. म्हटलं उगाच त्या बाईला कशाला त्रास.

ते पाकीट का बघताय? डायपर आहेत. हो, साडेतीन वर्षांची आहे, दीड वर्ष झालं सुटून, पण प्रवासात नको का? बोटीत रांगा असतात, कुठे न्यायचं ऐनवेळी. म्हणून घेऊन ठेवले. कुठे म्हणजे, बंदरावर, त्या दुकानात. सोमवारी. चढायच्या आधी. त्यात काय एवढं लिहिण्यासारखं? आई म्हटली की पुढचा विचार करावाच लागतो. तुम्हाला मुलं आहेत का? नसतीलच, नाहीतर असं डोळे बारीक करून बघितलं नसतं.

सिस्टर, साहेबांच्या आई कशा आहेत? खाली तुमच्याकडेच आहेत ना, कालपासून. सलाईन लावलंय म्हणतात. नुसती मान हलवू नका, बऱ्या आहेत की नाहीत तेवढं सांगा. त्यांचं वय झालंय. चिंगीचा त्यांना फार लळा लागला हो. साहेब, मॅडम दोघं आपल्या फोनमध्ये, म्हातारी एकटी, त्यामुळे सोमवारी रात्री जेवताना त्यांनी हिला मांडीवरच घेतलं. ही आपली केकचा एक घास स्वतः खाणार, त्याच चमच्यानं एक त्यांना भरवणार. मी म्हटलं, आजी, नको, उष्टं आहे. तर म्हणाल्या, अगं लेकराचं कसलं आलंय उष्टं. मी काय करणार होते? सगळ्यांसमोर चमचा काढून घेऊ? साहेब हसत होते. हे हसत होते. त्या टेबलावर पहिल्यांदा ह्यांना कोणीतरी, अरे, तुझी मुलगी गोड आहे हां, असं म्हटलं.

पाणी? देतेय की. म्हणजे – बघा, दिलं की उलटतं. घोटभर दिलं तरी उलटतं. मग द्यायचं कशाला? म्हणून मी थांबवलं, पोटाला जरा आराम. काल रात्रीपासून ओठ तेवढे ओले करते. ती मीठ-साखरेची पुडी दिली होती सकाळी त्या सिस्टरनं, ती कालवून ठेवलीय, त्या ग्लासात. दोन चमचे दिले, बाहेर आले. मग नाही दिली. असं काय बघताय? मला काय माहीत. उलटीतच जातंय म्हटल्यावर कोणती आई पाजत बसेल? – थोडं थोडं? चमच्या-चमच्यानं, उलटी झाली तरी? हे असं कोणी नीट सांगत का नाही? पुडी द्यायची आणि दारातून पळायचं. माझ्यावर रागावू नका. सगळ्या जगानं माझ्यावर रागवायचं आणि मी कोणावर?

शू? लघवी ना... सकाळी केली असेल. नाही, डायपर कोरडा होता सकाळी, जुलाब पण थांबलेत. मी बदललाच नाही म्हणून तर. काल दुपारी केली होती. बहुतेक काल दुपारीच. का?

तुम्ही काय करताय ते? चिमटा कशाला काढताय पोटाला, दुखेल तिला. सोडा. सोडलात ना? मग ते कातडं असं उभं का राहिलंय? सिस्टर, ते खाली का जात नाहीये? माझं बघा, माझं लगेच जातं. तिचं तसंच... चिंगे. ए चिंगे, बघ कोण आलंय, डोळे उघड. पूर्ण उघड. इकडे बघ, आईकडे. हिचे डोळे असे खोल कधी गेले? सकाळी नव्हते. असतील, ह्या दिव्यात काय दिसतंय.

सोमवारपासून.

लिहा. सोमवारी सकाळी सहा वाजता, बोटीत चढायच्या आधी, लॉजच्या मोरीत. हे खाली टॅक्सीत बॅगा भरत होते. तीन उलट्या केल्या तिनं, मी तिचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, घाणेरडा फ्रॉक तिथल्याच कचऱ्यात टाकला – नवा होता – आणि खाली घेऊन आले. ह्यांनी विचारलं, हिचा चेहरा का उतरलाय? म्हटलं झोप झाली नाही. काल संध्याकाळी नाही, सोमवारी. आज गुरुवार ना? मग मोजा तुम्हीच. मंगळवारी जरा बरी होती, खेळली पण, जुलाब तेवढे होत होते, म्हणून डायपर. म्हणून चादर. म्हणून ती पाटी. सरबत काही सांडलं नव्हतं.

आणि तो फॉर्म मीच भरला, हे सामानाच्या रांगेत होते. चांगला आपल्या भाषेत होता, मला वाचता आला. गेल्या दोन दिवसांत कोणाला उलटी, जुलाब? मी तीनदा वाचलं ते. नाही, अशी खूण केली आणि खाली सही केली. शेजारच्या दोन्ही मुलांना आदल्या आठवड्यात हेच झालं होतं, तेही मला माहीत होतं. आता बोला. बोला ना, काय बोलायचंय ते. वरच्या सगळ्या बायकांना पण सांगा, ती बिनडोक आई सापडली म्हणावं, खालच्या मजल्यावर राहते.

पण हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? तिथंच थांबवलं असतं आम्हाला, बंदरावर, बॅगांसकट. साहेब वरून हात हलवत निघून गेले असते. अकरा वर्षं हा माणूस पंप विकतोय, सिस्टर, गावोगाव, एसटीच्या टपासारखं तापलेलं डोकं घेऊन घरी येतो आणि म्हणतो, वाढ. कधी एक दिवस कुठे नेलं नाही, आणि मी कधी मागितलं पण नाही. ह्या सहलीसाठी पाच शर्ट घेतले त्यांनी. स्वतः इस्त्री केली, मला हात लावू दिला नाही, म्हणाले तुझ्याकडून घडी चुकते. साहेब म्हणाले होते, बोटीवर निवांत बोलू, शाखेचं तुझ्याकडे द्यायचं बघू. पाचातले तीन शर्ट अजून घडीतच आहेत, त्या कपाटात. तीन उलट्यांसाठी मी त्या माणसाला बंदरावर उभा करणार होते का? मला वाटलं, एका दिवसात थांबेल. मुलांचं थांबतं. सगळ्यांचं थांबतं हो.

आता कुठे, खाली? सलाईन? आणि उद्या सकाळी बंदर आलं की मोठ्या दवाखान्यात – न्या. काय लागेल ते करा, कुठे न्यायचं तिथे न्या, साहेबांना कळवायचं तर कळवा, मीच सांगते, त्या आजींच्या पण पलंगाशी जाऊन सांगते. फक्त हिला नीट करा. एकच माणूस बरोबर? मी येणार. विचारू नका, मी येणार, मला काही झालेलं नाही. थांबा, ह्यांना उठवून सांगते. अहो...

जागे आहात.

कधीपासून जागे आहात? नाही, तिकडे भिंतीकडे बघू नका. मोरीपासून ऐकलंत का फॉर्मपासून? बरं. ऐकलंत ना, बास. काय बोलायचं ते मी परत आल्यावर बोला, रात्रभर बोला, आता एक अक्षर नको. तुमच्या उशाला तो ग्लास ठेवलाय, चमच्या-चमच्यानं प्या, उलटी झाली तरी प्या.

चला, सिस्टर. नाही, तुम्ही नका उचलू, मान सरळ राहत नाही तिची. द्या इकडे. मी धरते म्हटलं ना. तुम्ही पुढे व्हा आणि दार धरा.