समोरचा वारा

विमानतळावरच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची हवामान खात्यातली मुलगी उभ्या होत्या. विमानाला तीन तास उशीर झाला होता.

“हवामान खात्यात नोकरी करतेस आणि तुला कळलं नाही?”

“आई, वादळ येणार हे कळलं होतं. पण खालची हवा फारच उबदार आणि दमट निघाली. ती उफाळून वर गेली, तिचे ढग झाले, ढगांनी वर उष्णता सोडली आणि तिथला वाऱ्याचा झोत अंदाजापेक्षा जोरात वाहायला लागला. नेमका आपल्या समोरून.”

“मग? वारा काय आज पहिल्यांदा वाहतोय?”

“इंधन जास्त भरावं लागणार, त्याचं वजन वाढणार. वजन कमी करायला काही माणसं उतरवणार.”

“उद्या सकाळी माझ्या ताईचं ऑपरेशन, आणि हे माणसं उतरवतायत!”

“म्हणूनच जागा मागायला रांगेत उभ्या आहोत ना?”

त्यांचा नंबर आला तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, दोघींत एकच जागा देता येईल.”

“ही जाईल. हिला सगळं कळतं.”

“आई, मावशी तुझी वाट बघतेय.”

“मी कधी एकटी विमानात बसलेय का?”

“नाही. आज बसशील.”

“आणि वरचा तो मेला झोत?”

“हादरे बसतील. पट्टा सोडू नकोस. घाबरू नकोस.”

“स्वतः रडतेयस आणि मला सांगतेस घाबरू नकोस! आण तो पास इकडे.”