तारीख पुढे करून पाहिल्याबाबत

सांगली, दि. २८ जुलै २०२५

मी सुमंत गोविंद आठल्ये, वय ६३, व्यवसाय सेवानिवृत्त (जलविद्युत केंद्र, कोयनानगर), रा. शनिवार पेठ, सातारा. समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

माझे थोरले बंधू चिंतामण हे सांगलीत हळदीचे अडते होते. दि. २ जुलै रोजी ते हृदयविकाराने वारले. त्यांच्याकडे हळद घालणारे वडूजचे शेतकरी तानाजी हुलगे यांनी त्यांच्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली आहे. बंधूंचीही फसवणूकच झाली होती काय, असे मला विचारण्यात आले.

एप्रिलमध्ये एका कंपनीचा माणूस दुकानी आला. मी हजर होतो. त्याने आपल्या लॅपटॉपची तारीख १९ जानेवारी २०३८ केली. सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले आणि पुढच्या सेकंदाला साल १९०१ दिसले. सगळे कॉम्प्युटर असेच बिघडणार, दुरुस्ती आमचीच कंपनी करणार, शेअर दहापट होणार, असे तो म्हणाला. बंधूंनी शेअर घेतले.

दि. ११ जून रोजी बंधूंनी ते सर्व शेअर तानाजींना विकले. तेव्हाही मी दुकानात होतो. तानाजी म्हणाले, "आवं अण्णा, अडतीस सालापतुर मी ऱ्हातोय का बघा आदी!" बंधू म्हणाले, "तू नुसता जग रे." तानाजी म्हणाले, "हळकुंड मोडून बघितल्याबिगार तुमी पोत्याला हात लावत न्हाई. ह्ये बी बघितलं आसंलच की." बंधू हसले. चहा आला.

जुलैत कंपनीचे कार्यालय बंद झाले.

तेराव्यानंतर मी दुकान उघडले. १९०१ साल कसे येते हे मला समजले नव्हते, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरची तारीख तशीच पुढे केली. काहीच झाले नाही. ८ वाजून ४४ मिनिटे ८ सेकंद झाले आणि साल २०३८ च राहिले. मी पुन्हा करून पाहिले. टेबलावर बंधूंची डायरी होती. ४ जूनच्या पानावर लिहिले आहे, "आपल्या कॉम्प्युटरवर तारीख पुढे करून पाहिली. काही होत नाही. तीनदा केले."

अक्षर त्यांचेच आहे. डायरी मी स्वतःहून हजर करीत आहे. उमावहिनींना हे माहीत नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "बंधूंचीही फसवणूक झाली" असे वाक्य होते. ते मी सांगितलेले नसल्याने खोडायला लावले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.