डाक्टरचे दात जुळले

हसा! हसा लेको! अख्ख्या नांदगावचे बैल पोळ्याच्या तोरणाखाली जोडीजोडीनं उभे, आन् हा शालिकराम एकटा बैल धरून उभा, म्हून हसून राहिले न तुमी? तो पंजाबराव त मले पाहूनच वरडला, "काहून गा शालिक, दुसरा कोठी सांडला?" सांडला म्हणे! बैल हाये का बिडी, खिशातून सांडाले? आन् जानराव त्याच्यापेक्षा शहाणा, म्हणे, "शालिकदादा, तुमी उद्या तान्ह्या पोळ्यात या, पोट्ट्यांच्या लाकडाच्या बैलाईत शोभान!" हसा... पण पाटलाची जोडी अजून याचीच हाये, तोरण तुटाले टाइम हाये, तवरिक ऐकून घ्या. माह्या सदऱ्याच्या खांद्यावर हे पिवळं काय लागलं, तेबी सांगतो, लपवत नाही.

तुमाले सांगतो, या बैलाचं नाव डाक्टर हाये. हो, डाक्टर! पाहा त्याचा थाट. माथ्याले बाशिंग, शिंगाले बेगड, आन् पाठीवर झूल कशाची? माही बायको मनकर्णा, तिच्या लग्नातल्या शालूची! म्या म्हटलं, अवो, शालू फाडता? त म्हणे, "तुमाले थोडीच घालाचा हाये?" बैलाले शालू, आन् माह्या सदऱ्याले कोपरावर ठिगळ. मले कोणी ईचारलं?

आता डाक्टर काहून, ते ऐका. तिकळे गोऱ्यायची मोठी लढाई सुरू झाली, आन् इकळे मनकर्णाच्या डाव्या छातीत गाठ झाली. सांगतलं का तिनं? नाव नको! वांगे तोडाले हात वर जाईना तवा मले समजलं. बंडी जुतली, चांदूरच्या टेसनावर गेलो, रेलगाडीनं नागपूर, तेथी बायांच्या दवाखान्यात एक गोरी मडम. तिनं पाह्यलं आन् म्हणे, "क्यान्सर." म्या म्हटलं, मडम, मराठीत सांगा. मडम म्हणे, "मराठीटबी क्यान्सरच!" म्या कागदावर आंगठा देल्ला. कापलं, टाके घातले, महिनाभर ठेवलं, आन् निंगतानी मडमनं मले बाजूले घेतलं, "शालिक, पाच वरस नीट गेला, टर गाठ गेला असं समज. हाट रोज वर कराचा, भिंटीवर बोटं चढवाचा, नाही टर हाट आखडते."

पाच वर्सं! सांगाले सोपं हाये. घरी आल्यावर ते बाई भिताळाकळे तोंड करून निजली त उठेचना. बोटं चढवा म्हटलं त भितीकळे पाहे आन् रडे. जेवा म्हटलं त तोंड फिरवे. म्या काय नाही केलं? सैपाक केला, चुलीच्या धुरानं डोये लाल, भाकर जळली, म्या तिच्या उशापाशी बसून म्हटलं, मनकर्णा, एक घास खाय वो... त म्हणे, "खाईन मंग." मंग म्हणजे कवा? आन् त्याच हप्त्यात आमची गाय सापानं गेली, मांगं हे एवढुसं वासरू. शेजारून आणलेलं दूधबी ते पिईना. म्या त्याले तिच्या खाटेपाशी आणून टाकलं, म्हटलं, दोघं मिळून उपाशी राहा आता!

अशी चूक केली बाप्पा!

मी बायेरून भाकर घेऊन येतो त पाहतो काय, बाई उठून बसली, दुधात बोट बुडवलं, वासराच्या तोंडात देल्लं, आन् ते चुपूचुपू चोखून राहिलं. आन् ते हसून राहिली! महिनाभरात पह्यल्यांदा हसली, तेबी कोणाकळे पाहून? वासराकळे! मी दारात भाकर घेऊन उभा. मले कोणी ईचारलं?

तवापासून तुमाले सांगतो, माह्या घरात माही किंमत नाही राह्यली. पह्यली भाकर डाक्टरले. गुळाचा खडा डाक्टरले. वासराची मान खाजवाची तेबी डाव्याच हातानं, ज्या हाताले मडमनं चढवाले सांगतलं होतं. वासरू लहान होतं तवा हात खाटेएवढ्या उंचीवर. वासरू वाढलं, त हातबी वाढला. भिंत राहून गेली बाजूले, बाई वासरावर बोटं चढवे! आज वशिंडापर्यंत हात जाते तिचा, पाह्यलं न तुमी? शेजारची लीलाबाई आली, डोयाले पदर लावून म्हणे, "मनकर्णाबाई, या मुक्या जनावरानं वाचवलं वो तुमाले, डाक्टरच हाये हा!" झालं! नाव पडलं. अवो लीलाबाई, नागपूरले कोण घेऊन गेलं? भाकर कोणं जाळली? ते मुकं जनावर त मुकं हाये, पण मी बोलून राहिलो न!

बरं, याच्या खांद्यावर जू ठेवाले जावं, त बाई आडवी. "लेकरू हाये!" अरे, दाराएवढं झालं लेकरू, पाय पडला त माही बोटं चिपटतात! माही जुनी जोडी म्हातारी होऊन मेली, मोट पंजाबरावच्या बैलाईनं हाकतो, मेथी-सांबाराच्या जुड्या अमरावतीच्या बाजारात त्याच्याच बंडीत नेतो, आन् तो रस्ताभर मले टोमणे हाणते, "काहून गा, तुह्या डाक्टरची सुट्टी हाये का?" एकदा मले ताप आला, मी फणफणून राहिलो, मनकर्णा कपाळाले हात लावून म्हणे, "पडा उगे, मी डाक्टरले पाहून येतो." म्या म्हटलं, चला, माह्यासाठी डाक्टर आणून राहिली! घंट्याभरानं आली. बैलाले पाणी पाजून!

हसा, हसा. पण जे मनाले लागलं ते सांगतो. मले ते काई सांगेना. "दुखते काय?" त "काई नाही." "भेव वाटते काय?" त "कायचं भेव?" आन् एक दिवस म्या गोठ्यात कडब्याच्या मांगून ऐकलं, याच्या मानेवर डोकं टेकून म्हणे, "डाक्टर, काखेत गाठीसारखं लागून राहिलं रे बाप्पा. तेच त नसन?"  ते गाठ नव्हती, जुने टाकेच होते, मडमनं मंग पाहून सांगतलं. पण तवा मी भेलो, खरं सांगतो, लय भेलो, आन् भेवाच्या वरतं मले राग आला. लग्न माह्यासंगं लागलं का याच्यासंगं? एवढी मोठी गोष्ट बैलाले सांगतली, मले कोणी ईचारलं?

आता पाच वर्सं झाले का नाही, हे तिले कसं समजाचं? सन-तारीख तिले समजत नाही. पण तिचा बाप बैलाचा पारखी, तिले दात समजतात. दुधाचे पडून दोन मोठे आले की दोन दाती, मंग चार दाती, मंग सहा दाती, आन् आठही आले की बैल जुळला. जुळाले पाच-एक वर्सं लागतातच. म्हून तुमाले सांगतो, दर पोळ्याले मनकर्णा याचं तोंड उघडून पाहे. मले वाटे लाड करून राहिली. मी मनात कुढो, माह्या दाढेत कीड हाये, माहं तोंड कोणं पाह्यलं?

काल सांजच्याले खांदशेकणी, बैलाचा खांदा चोळून त्याले पोळ्याचं आवतन द्याची सांज. याचा खांदा शेकाले तिनं लोणी-हळद घेतली, पह्यले याचं तोंड उघडलं, बोट फिरवलं... आन् मटकन खालीच बसली. म्या धावलो, काय झालं वो? त म्हणे, "जुळला." आन् रडून राहिली. "डाक्टर जुळला वो. पाच वर्सं झाले. मी हावो!"

माह्याबी डोयाले पाणी आलं. म्हटलं, आता माह्याकळे पाहीन, आता काई म्हणीन... त उठली, याचा खांदा चोळला, हात जोडले आन् कवढ्या गोड आवाजात म्हणे, "डाक्टर, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाले अहो-जाहो! मले आजपर्यंत "या जेवाले"च्या जागी "थंडं होऊन राहिलं" असं ऐकू येते! माहं डोस्कं फिरलं, म्हटलं, सारं यानंच केलं, त मी कोण हावो या घरात? याले सांगतलं, मले काहून नाही सांगतलं?

ते शांतपणानं म्हणे, "तुमाले सांगतलं असतं त तुमी रडले असते. तुमी रडले असते त मले वाटलं असतं, आता मी मरतोच. डाक्टर रडत नाही. कडबा खाते."



मंग म्हणे, "बसा खाली." बसलो. वाटीतलं उरलं-सुरलं लोणी-हळद घेतलं आन् डाव्याच हातानं, त्याच हातानं, माहा उजवा खांदा चोळाले लागली. सदऱ्यावरूनच! म्हणे, "चांदूरहून येतानी बंडीचा आस मोडला, तवा याच खांद्यावर टाकून आणलं होतं न मले? मी डोये मिटून होतो, पण मले समजत होतं." पाच वर्सं बोलली नाही वो! मंग तिनं मलेबी हात जोडले, म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

म्या नाक पुसलं आन् म्हटलं, बरं, पण उद्या पोळ्यात एकटा बैल कसा नेऊ, लोक हसतीन, याले जोडी कोठून आणू? तिनं मले खालून वर पाह्यलं, म्हणे, "तुमचे दात जुळले हायेत न?"

म्हून सांगतो पंजाबराव, दुसरा सांडला नाही, हा काय तुह्यासमोर उभा हाये, सरक जरा, जोडीले जागा दे. डावी बाजू त्याची, उजवी माही. तेबी कसं, तर तिनं त्याच्या मानेवर हात फिरवून ईचारलं, "डाक्टर, हे चालतीन न रे तुले जोडीले?" त्यानं मान हालवली, ठरलं.

मले कोणी ईचारलं?