लायसन वापस भेटलं

निर्मलच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत जयवंताबाई उभी होती. तिच्यामागं पंचफुला होती. पंचफुलाचा नवरा देवाजी फोन करून आला.

“काय म्हणे आपला मोतीराम?” पंचफुलानं विचारलं.

“लायसन वापस भेटलं.”

“मंग रडता काऊन? जहाज बंदरात आणाची नोकरी वाचली ना पोराची!”

“वादळात जहाजावर चढत नाही म्हणला, म्हणून सरकारी सायबानं लायसन हिसकलं होतं. त्याच्या जागी दुसऱ्याले धाडलं. थो दोराच्या शिडीवरून समुद्रात पडला. सापडलाच नाही.”

“अगं माय! मंग लायसन वापस काऊन देल्लं?”

“आता चढाले दुसरं कोणी नाही.”

“वादळ थांबलं ना पण?”

देवाजीनं मान आडवी हलवली.

जयवंताबाई बाजूला सरली. “तुमी पुढं व्हा, बाई,” ती पंचफुलाला म्हणाली.