मोरीतली चरबी

माझं लग्न मोरीनं ठरवलं, खोटं न्हाय सांगत. अठ्ठ्याण्णव सालची थंडी. मुलाकडचं पावणं नेसरीहून आलेलं, मटणाचं जेवण झालेलं, होकार तेवढा यायचा होता. मी पातेल्यातली चरबी गरम पाण्यासंगं मोरीत ओतली. मला काय माहीत, ती पाइपात जाऊन गोठते? खरकटं पाणी तुंबलं ते थेट पुढच्या सोप्यात, बसलेल्या पावण्यांच्या पायापाशी! आई पांढरीफटक.

मुलाच्या वडलांनी बाह्या सारल्या, तार घालून चरबीचा गोळा बाहेर काढला.

"कुणी ओतली ही?"



"मी," मी म्हटलं.

त्यांनी तो गोळा माझ्यापुढं धरला.

"आमच्याकडं आल्यावर डब्यात ओतायची. गोठली की कचऱ्यात टाकायची. मोरीत न्हाय. कळलं?"

आई पळाली, ती साखरेचा डबा आणायलाच.