फ्लॉपीत बांधून नेलेला तवा

हसू नका, पण परभणीत कॉम्प्युटरची स्पर्धा मी तव्याच्या अकलेवर जिंकलोय.

चौऱ्याण्णव साल. कॉलेजात लिनक्स नुकतंच आलं होतं. प्रोग्राम चालायला लायब्ररी नावाच्या तयार फायली लागतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्यासुद्धा प्रोग्रामसोबत फ्लॉपीत भरायलो होतो, तर स्पर्धेत उतरलेला आमच्या वर्गातला सुनील खो खो हसला.

"अरे येड्या, त्या मशीनमधी असतातच की! ओझं कशाला वाहायलास?"

मी म्हणलं, "माझे माय-बाप झरी गावाहून ऊसतोडीला जातात. तिथं तवा मिळंल म्हणून कुणी घरचा तवा ठेवून जात न्हाई."

"लय अडाणी हायस," सुनील म्हणाला.

स्पर्धा दुसऱ्या कॉलेजात होती. तिथल्या मशीनमधली लायब्ररी जुनी निघाली आणि सुनीलचा प्रोग्राम सुरूच होईना. माझा मात्र पहिल्या फटक्यात चालला! परीक्षक खुर्ची ओढून पुढं सरकले.

घामाघूम सुनील माझ्या कानाशी आला. "बाळ्या, तुझी लायब्ररी दे ना यार."

"घे की. पण आमच्यात मागून नेलेलं भांडं रिकामं परत देत न्हाईत, ध्यानात ठेव."

त्याचाही प्रोग्राम चालला. पहिला नंबर मात्र माझाच आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्लॉपी गुपचूप माझ्या हातात ठेवली. उघडून बघतो तर माझ्या लायब्ररीशेजारी त्याचा अख्खा प्रोग्राम! आणि गड्यानं फायलीला नाव दिलं होतं, भाकर.