आधी कोणती डिस्क

—नाही नाही, चपला राहू द्या भाऊ पायात, तो डबा तिकडं कोपऱ्यात हाय. उघडा. तुमीच उघडा, मी हात लावत नाही. पाह्यलं? शी! पालीच्या लेंड्या, जाळे, आन हा कापूस— इथं राळेगावात जिनिंगच्या बाजूले घर बांधलं का मिठाच्या बरणीत बी कापूस सापडते. किळस येते मले या काम्पुटरची. फेकून देतो म्हटलं तं श्रेयस, माहा पोरगा, पुण्यावरून म्हणे, फेकू नका बाबा, यवतमाळवरून माणूस पाठवतो. आले तुमी.

तं बिमारी काय, आयका. याच्यात डिस्का दोन. एक जुनी, माह्या पोरीची, आभाची. एक नवी, दिवाळीत श्रेयसनं बसवली. बसवून मशीनले सांगतलं त्यानं, का बाप्पा, सुरू झाला का आधी नवीकडं जाय, जुनीकडं पाहूच नको. झालं! पण करंट तुटला का हे बह्याड सारं विसरते. काहून? आतली बॅटरी मेली म्हणे, चपटी, बटनासारखी. मंग काळ्या पडद्यावर इंग्रजीत बोंबलते, एफ-वन दाबा म्हणते, आन दाबलं का उघडते थेट जुनी डिस्क! तारीख बी मागं जाते— दोन हजार दोन! इथं दोन हजार सात सरून राह्यलं, कापसाची पार माती झाली, आमचं खरेदी केंद्र बंद पडाले आलं, आन हे लेकाचं अजून तिथंच बसलं हाय.

मी ग्रेडर होतो ना तिथं. वामनराव ग्रेडर म्हटलं का तालुका ओळखे. चिमूटभर कापूस घ्याचा, दोन अंगठ्यांत धरून असा ओढाचा— धागा कितीक लांब, कुठं तुटते, हातालेच समजते. डागी, भिजवलेला, कवडी— कवडी म्हणजे किडक्या बोंडातला, पिवळा, कोणी इचारत नाही तो— सारा नजरेतच कळे. मानसं बी तशीच असतात. या पोरीले मी कवडी म्हटलं. तोंडावर म्हटलं! काहून म्हणता? यवतमाळले पेपरात लागली ती. केंद्राबाहेर गाड्यांची लाइन लागलती, बैलं उपाशी, कास्तकार रस्त्यावर झोपून राह्यले— तं हिनं छापलं, बाहेर लोकं मरून राह्यले आन ग्रेडर आत च्या पेऊन राह्यले. नाव नाही टाकलं. पण ग्रेडर कोण? मीच ना! बापाच्या ताटात जेवून बापाचीच बातमी, थू! अवो, कापसाच्या गंज्या लागलत्या आत, मुठभर जागा नव्हती, वरून माल उचलाले कोणी येत नव्हतं— कापूस कुठं घेऊ, डोक्यावर? हे एकदा तरी घरी येऊन इचाराचं नाही? मी सांगतलं असतं. तिनं इचारलंच नाही. म्हटलं, या घरात पाय ठेवू नको. तं नाही ठेवला, आडमुठी कुठची! कोनावर गेली कोनास ठाव.

काय दिसते जुन्या डिस्कीत म्हणता? आधी नाव येते तिचं. आभा. असं मोठ्ठं. घरात तिचं नाव काढाची सोय नाही, कुंदाले बी— माही बायको— तिले बी मी काढू देत नाही. आन हा निर्लज्ज डबा खुशाल घेते! मंग फोटो. तिचा नाही हो, माहा! तीच आलती केंद्रावर, कॉलेजात होती तवा, माहा जेवनाचा डबा घेऊन, तवा काढला. मी धागा ओढून राह्यलो, मिशीले कापूस, आन तिच्याकडं पाहून हासून राह्यलो, सारे दात काढून. आता सांगा, असा हासनारा मानूस दिसतो का मी? कुंदा म्हणते, एवढं हासलेले तुमी मले तं लग्नात बी नाही दिसले. किळस, दुसरं काय! सकायी पाह्यलं तरी किळस, जेवून येऊन पाह्यलं तरी किळस, झोपाच्या आधी—

म्हणजे, दिसला तं पाहतो.

काय? टेबलाखालचं? इन्व्हर्टर हाय ते. चालते ना, श्रेयसनंच घेऊन देल्लं. हो, मंग लाइन गेली तरी करंट तुटत नाही, बरोबर हाय तुमचं. मंग विसरते काहून? अं— ते भिंतीवरचं बटन हाय ना— कुंदे, च्या झाला का वो?— ते बटन बंद होते. आता बंद होते म्हणजे कोणीतरी करते. घरात आमी दोघंच. कुंदा तं या खोलीत येत बी नाही, तिले रडू येते. मी करतो. धूळ पुसाची असते ना! धूळ पुसाच्या आधी बटन बंद नको कराले? हासू नका तुमी.

आन हे काय काढलं? नवी बॅटरी म्हणजे हेच का ते? एवढूसं? —हे बसवलं का मंग विसरनार नाही. बटन बंद केलं तरी? कधीच नाही? सदा नवीच उघडनार. हं... फोटो नव्या डिस्कीत टाकून देता म्हणता? फोटो येईन हो. नाव कोण घेईन?

राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! घाला ते खिशात. झाकन ठेवा नुसतं, पेच मी आवळतो. श्रेयसले सांगा, बसवली म्हणून. च्या बी राहू द्या, यष्टी सुटन तुमची, निघा. —अवो, ते बटन नका दाबू! मी दाबतो. तुमी जा.